क्युबात स्कूबा: अर्धा कोर्स पुण्यात झालाय, राहिलेल्या चार डाइव्ह तिकडे करता येतील का?

पाण्यात_पक्या

मंडळी नमस्कार, जरा वेगळा प्रश्न आहे पण इथे डायव्हिंगवाले बरेच दिसतात म्हणून टाकतोय. मी पुण्यात पॅडी या डायव्हिंग संस्थेचा ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या पायरीचा कोर्स सुरू केलाय, थिअरी झाली, पूलमधलं सगळं झालं, आता समुद्रातल्या चार ट्रेनिंग डाइव्ह तेवढ्या राहिल्यात. आमच्या इथल्या सरांनी रेफरल फॉर्म देतो म्हणून सांगितलंय, म्हणजे जगात कुठेही जाऊन त्या चार डाइव्ह पूर्ण करायच्या आणि कार्ड घ्यायचं. डिसेंबरात ताईकडे टोरांटोला जातोय आणि तिथून सगळे मिळून आठवडाभर क्युबाला, वाराडेरोला. ताई-भावजी कॅनडाचे सिटिझन आहेत, मी साधा भारतीय पासपोर्टवाला, आणि आमचा एक मावसभाऊ न्यू जर्सीत एच-वन-बीवर आहे तो पण येतो म्हणतोय. तर माझ्या डोक्यात असं आलं की त्या चार डाइव्ह क्युबातच कराव्यात, पाणी निळंशार, आपल्याकडे कोकणात तळ दिसायची मारामार. पण अमेरिकेचे निर्बंध वगैरे आहेत ना तिथे, त्याचा डायव्हिंग कोर्सशी काही संबंध येतो का? पैसे कसे द्यायचे, इन्शुरन्स चालतो का, मावसभावाला काही लफडं होईल का, जे माहीत असेल ते सांगा. गूगलवर अर्धं जुनं आणि अर्धं एकमेकांच्या विरुद्ध आहे.

मालवणी_बुडबुडा

पक्या, मी स्वतः इन्स्ट्रक्टर आहे म्हणून आधी कोर्सचं बोलतो. संबंध येतो, आणि नेमका तुझ्याच बाबतीत येतो. पॅडी ही कॅलिफोर्नियाची कंपनी. अमेरिकेचे निर्बंध 1962 पासून आहेत आणि ते अमेरिकन कंपन्यांना लागू होतात, त्यामुळे क्युबातली डायव्ह सेंटरं वर्षानुवर्षं दुसऱ्याच संस्थांची कार्डं देत आलीत, मुख्यतः सीमास आणि एसीयूसी, कुठे कुठे एसएसआय. सीमास म्हणजे 1959 ला मोनॅकोत स्थापन झालेली जागतिक फेडरेशन, समुद्राखालच्या फिल्म काढणारे फ्रेंच कूस्तो तिचे पहिले अध्यक्ष. एसीयूसी मूळची कॅनडातली, नावात अमेरिकन असलं तरी. तिकडचे इन्स्ट्रक्टर यांतूनच तयार होतात आणि चांगले तयार होतात, क्युबन गाइड पाण्यात बघितले तर आपल्याला लाज वाटेल इतके शांत असतात, तो भाग वेगळा.

पण तुझ्या रेफरलचं काय? तुझ्या फॉर्मवर पुढची सही करून पॅडीचं कार्ड काढून द्यायला पॅडीचा सध्या चालू असलेला इन्स्ट्रक्टर लागतो. तो वाराडेरोच्या बीचवर भेटेल हे गृहीत धरून तिकिटं काढू नकोस. तिथला सीमासवाला म्हणेल ये, मी शिकवतो, पण तो तुझा पुण्याचा पूल धरेलच असं नाही, मास्क क्लिअर कर, रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र) काढून परत घाल, सगळं पहिल्यापासून करून घेईल, आणि ते त्याचं बरोबरच आहे, त्याच्या सहीवर कार्ड निघणार. म्हणजे सुट्टीतले दोन-तीन दिवस पूलमध्ये आणि वर्गात. रेफरल साधारण 12 महिने चालतं, तेव्हा घाई काहीच नाही.

माझं मत: नोव्हेंबरात इकडे कोकणात नाहीतर कर्नाटकात नेत्राणी बेटाला चार डाइव्ह उरकून घे, कार्ड खिशात टाक आणि मग क्युबाला जा. कार्ड कुठल्याही संस्थेचं असो, तिथे डाइव्ह करायला कोणी अडवत नाही. पॅडीचं कार्ड दाखवून रोज लोक डायव्हिंग करतात. अडचण आहे ती पॅडीचं *शिकण्यात*.

आणि आमच्याकडे गाळ असता ता मान्य, पण गाळात शिकलेलो माणूस कुठेय बुडी मारता!

टोरांटोची_मंजू

बुडबुडा म्हणतायत त्यात अजून एक भर घालते, मी तिथे सीमास वन स्टार (त्यांची पहिली पायरी) होताना बघितलंय माझ्या मैत्रिणीला. ते कार्ड काही कमी दर्जाचं नाही, ओपन वॉटर 18 मीटरपर्यंत आणि वन स्टार 20 मीटरपर्यंत, पुढे कुठेही ॲडव्हान्स्ड करायचं असेल तर चालतं. तेव्हा ज्याने अजून काहीच सुरू केलेलं नाही त्याने क्युबात पहिल्यापासून शिकायला काही हरकत नाही. फक्त आधी ईमेलवर विचारून घ्या की पुस्तक इंग्रजीत आहे का, नाहीतर स्पॅनिशमध्ये बुडालात समजा. आणि हो, वाराडेरोच्या ऑल-इन्क्लुसिव्ह हॉटेलांत पूलवर एक जण टाकी घेऊन उभा असतो, फुकट ट्राय करा म्हणून, त्याला कोर्स समजू नका, मालवणात हात धरून फोटो काढून वर आणतात तसाच तो प्रकार.

बाकी ऑनलाइन थिअरी वगैरे जे काही असेल ते कॅनडातच संपवा. बऱ्याच अमेरिकन साइट आणि ॲप क्युबातून उघडतच नाहीत, कंपनीच बंद ठेवते. लॉगबुकचं ॲप असेल तर कार्डाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा किंवा प्लॅस्टिकचं कार्ड न्या, मी बघितलंय लोकांना रिसेप्शनवर फोन हवेत धरून फिरताना.

आता जागांबद्दल, कारण हे कोणी सांगणार नाही. वाराडेरो डायव्हिंगसाठी बरं आहे, फार भारी नाही. तिथे कायो पिएद्रास देल नोर्तेजवळ मुद्दाम बुडवलेली जहाजं आहेत, एक रशियन बनावटीचं विमान पण आहे. पण डिसेंबर ते फेब्रुवारीत उत्तरेकडून थंड वारे आले की उत्तर किनाऱ्यावरचा समुद्र खवळतो आणि बोटी बंद. तेव्हा सेंटरवालेच बसमध्ये घालून दक्षिणेला बे ऑफ पिग्जला नेतात, आणि खरं सांगू का, तुम्ही सरळ तिथेच जा. प्लाया लार्गा आणि प्लाया हिरोन ही दोन गावं, बोट लागतच नाही, रस्त्याच्या कडेला गाडी थांबते, टाकी चढवायची, दगडांवरून पाण्यात, थोडं पोहलं की प्रवाळाची भिंत सुरू होते आणि ती खाली किती जाते ते दिसतच नाही. नवशिक्याला वरच्या दहा मीटरमध्येच इतकं आहे की खाली जायची गरज नाही. जवळ कुएवा दे लोस पेसेस म्हणून एक खोल खड्डा आहे, साधारण 70 मीटर, जमिनीखालून समुद्राला जोडलेला, वर स्नॉर्कलिंग करा, आत जायचा हट्ट धरू नका. आणि हिरोनचं म्युझियम बघा, 1961 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या पाठिंब्याने झालेला हल्ला इथेच मोडून काढला होता, बाहेर सी फ्युरी लढाऊ विमान उभं आहे. ज्या भांडणामुळे तुझा रेफरल फॉर्म अडलाय त्यातला एक मोठा अंक त्याच किनाऱ्यावर झालाय, आणि लोक तिथे पाठीवर टाकी लावून उतरतात, मला तर गंमतच वाटली होती.

पैसे: रोख युरो न्या, कॅनेडियन डॉलर पण चालतात. अमेरिकन बँकेचं कार्ड चालत नाही. बाकी कार्डांचं नशिबावर, मशीन चालू असेल, लाइट असेल, तर. गाइडला टिप हातात द्या, हे लोक सरकारी नोकर आहेत, पगार पेसोमध्ये, आणि पेसोची किंमत गेल्या काही वर्षांत इतकी घसरलीय की टिप हाच खरा पगार म्हणायचा. जुना मास्क, फिन्स, बूट घरी पडले असतील तर घेऊन जा आणि तिथेच ठेवून या.

नाना_न्यूजर्सी

मावसभावाबद्दल मी लिहितो कारण इथे लोक बिनधास्त सल्ले देतात आणि मग दुसऱ्याचं व्हिसाचं काम अडकतं. मी वकील नाही, पण हा विषय मी स्वतःसाठी नीट वाचलाय.

लोकांना वाटतं निर्बंध फक्त अमेरिकन सिटिझनना आहेत. तसं नाही. नियम "अमेरिकेच्या अधिकारक्षेत्रातल्या" व्यक्तीला लागू आहेत आणि त्यात सिटिझन तर आलेच, पण अमेरिकेत *राहणारे* पण येतात, ते जगात कुठेही असले तरी. तुमचा मावसभाऊ एच-वन-बीवर तिथे राहतो, पासपोर्ट भारतीय असला म्हणून सुटत नाही, आणि टोरांटोमार्गे गेला म्हणूनही सुटत नाही. टुरिझम हे कारण कायद्याने बंदच आहे, 2000 सालच्या कायद्यात ते लिहिलेलं आहे, कुठलंही सरकार आलं तरी नुसत्या सहीने उघडत नाही. 12 प्रकारची कारणं चालतात, कुटुंबाला भेटणं, पत्रकारिता, संशोधन, धार्मिक वगैरे. बहुतेक लोक "क्युबन जनतेला पाठिंबा" या कारणाखाली जातात, आणि ते कायदेशीर आहे, पण त्यात दिवसभराचा खरा कार्यक्रम लागतो, लोकांच्या घरी राहणं, खासगी खानावळीत जेवणं, स्थानिकांशी काम. आठवडाभर डायव्हिंग केलं आणि संध्याकाळी मोहितो प्यायले याला पाठिंबा म्हणता येत नाही. शिवाय हॉटेलांची एक बंदी यादी आहे, वाराडेरोची बीच हॉटेलं बहुतेक सरकारी मालकीची त्यामुळे त्यात अडकतात, आणि गाविओता म्हणून जो लष्कराशी जोडलेला पर्यटन समूह आहे, ज्याची मरीना पण आहेत, तो निर्बंधित यादीत आहे. तिथे एक पैसा दिला तरी चूक. कागद जपून ठेवायची मुदत आधी पाच वर्षं होती, मार्च 2025 पासून दहा केलीय.

दंड प्रत्यक्षात किती जणांना झाला हा मुद्दा वेगळा, पण एच-वनवाल्याने व्हिसा स्टॅम्पिंगच्या रांगेत ही रिस्क का घ्यावी? त्याला म्हणावं टोरांटोला भेटून परत जा, नाहीतर डायव्हिंगला बोनेअर, कोझुमेल अशा दुसऱ्या कुठल्याही कॅरिबियन बेटावर जा.

पक्या तुझं स्वतःचं सोपं आहे, तू भारतात राहतोस, तुझ्यावर हे नियम नाहीत. पुढे कधी अमेरिकेचा व्हिसा काढलास तर फॉर्ममध्ये गेल्या पाच वर्षांत कुठे गेला होतास विचारतात, तिथे क्युबा सरळ लिही, लपवू नकोस. 2021 नंतर क्युबाला गेलेल्यांना अमेरिकेची ऑनलाइन परवानगी मिळत नाही असं जे वाचलं असशील ते ब्रिटिश, युरोपियन पासपोर्टवाल्यांचं आहे, आपल्याला तसाही व्हिसाच लागतो.

आणि एक, तुझा कॅनडाचा व्हिसा मल्टिपल एन्ट्री आहे ना ते आजच बघ. क्युबाहून परत टोरांटोला यायचंय.

पाण्यात_पक्या

बापरे, इतकं सगळं कुणी एका जागी सांगितलं नव्हतं. नाना, मल्टिपल आहे, आत्ता काढून बघितला. मावसभावाला तुमचा मेसेज जसाच्या तसा पाठवला, तो म्हणतो "माझा एक मित्र गेला होता काही झालं नाही". आता काय बोलणार. मंजूताई, इन्शुरन्सचं कोणी बोललं नाही, आणि तिथल्या टाक्या-बिक्या, सामान, ते सुरक्षित असतं का? सुटे भाग मिळत नाहीत म्हणे.

टोरांटोची_मंजू

इन्शुरन्स असल्याशिवाय क्युबात प्रवेशच नाही, 2010 पासून नियम आहे, विमानतळावर विचारू शकतात. पण ती ट्रॅव्हल पॉलिसी डायव्हिंग धरते का, आणि क्युबा वगळलाय का, हे दोन प्रश्न कंपनीला ईमेलवर विचार आणि उत्तर प्रिंट करून ने. ज्या कंपनीचा मागचा धागा अमेरिकेत जातो ती पैसे द्यायला हात वर करू शकते. डायव्हिंगची वेगळी पॉलिसी घ्यायची तर डॅन (डायव्हरांना मदत आणि विमा देणारी संस्था) तिची युरोपियन शाखा बघ.

भारतीय पासपोर्टला व्हिसा आधी काढावा लागतो, आता ई-व्हिसा झालाय, आणि डी-व्हियाहेरोस नावाचा ऑनलाइन फॉर्म भरून क्यूआर कोड घ्यायचा. ड्रोन अजिबात नेऊ नकोस, कस्टमवाले ठेवून घेतात.

कॉम्प्रेसर_काका_ठाणे

सामानाबद्दल मी बोलतो, उभं आयुष्य हाय प्रेशर कॉम्प्रेसरमध्ये गेलं. डायव्हिंग मी करत नाही, गुडघे दुखतात, पण डायव्हर जी हवा घेतो ती कशी बनते ते मला माहीत आहे.

निर्बंधांचा खरा फटका कुठे बसतो तर इथे. लोक म्हणतात अमेरिकेचा माल नाही मिळाला तर इटलीचा, जर्मनीचा घ्या. घेतातच ते, इटालियन रेग्युलेटर, जर्मन-इटालियन कॉम्प्रेसर. पण अमेरिकेचा नियम असा की दुसऱ्या देशात बनलेल्या मालात निर्यात-नियंत्रणाखालचा अमेरिकन भाग 10 टक्क्यांच्या वर गेला तर तोही क्युबाला पाठवायला परवानगी लागते, बहुतेक देशांना ही मर्यादा 25 टक्के आहे. 1992 च्या कायद्याने अमेरिकन कंपन्यांच्या परदेशातल्या उपकंपन्यांनाही व्यापार बंद केला. स्कूबाप्रो घ्या, मालक कंपनी विस्कॉन्सिनची, मग कारखाना इटलीत असला तरी काय उपयोग. आणि त्याच कायद्यात आहे की क्युबाच्या बंदरात माल चढ-उतार केलेलं जहाज 180 दिवस अमेरिकेच्या बंदरात त्यासाठी लागू शकत नाही. म्हणजे जहाजवाला कशाला जाईल एवढ्याशा ओ-रिंगच्या खोक्यासाठी? गेला तर भाडं तसं लावणार.

त्यामुळे तिथे वस्तू टिकवतात, आणि ते टिकवण्यात हुशार आहेत हे मान्य. पण दोन गोष्टी टिकवून चालत नाहीत. एक, रेग्युलेटरची सर्व्हिस किट, ती ठरलेल्या मुदतीत बदलावीच लागते. म्हणून जमलं तर स्वतःचा रेग्युलेटर पुण्यात सर्व्हिस करून ने. टाकीचा व्हॉल्व्ह डिन आहे की योक (रेग्युलेटर जोडायच्या दोन पद्धती) ते आधी विचार, ॲडॅप्टर छोटा असतो, बॅगेत टाक.

दुसरी आणि मोठी गोष्ट, कॉम्प्रेसरचा फिल्टर. त्यात ॲक्टिव्हेटेड कार्बन आणि मॉलिक्युलर सिव्ह असतं, एक तेलाचा वास घेतं, एक ओलावा. त्याचं आयुष्य तासांवर असतं आणि गरम दमट हवेत ते झपाट्याने कमी होतं, क्युबाची हवा म्हणजे मे महिन्यातलं रत्नागिरी समजा. फिल्टर मिळत नाही म्हणून जास्त तास ओढला की हवेला तेलकट वास येतो. टाकी घेतली की व्हॉल्व्ह जरासा उघडून वास घे, वास आला तर ती टाकी परत, लाजायचं नाही.

पण ज्याला वास नाही ते जास्त धोक्याचं. 2024 च्या ऑक्टोबरात त्यांची अख्ख्या देशाची वीज गेली होती, आंतोनियो गिटेरास वीजकेंद्र बंद पडून, आणि त्यानंतरही चालूच आहे ते. लाइट नाही म्हणजे डिझेल जनरेटर, किंवा कॉम्प्रेसरच डिझेलवर. धुराडं आणि हवा ओढायचा पाइप जवळजवळ असले आणि वारा फिरला, की कार्बन मोनॉक्साइड सरळ टाकीत. वर जे प्रमाण चालून जातं तेच 30 मीटरवर चौपट दाबाने छातीत जातं. हे क्युबाचंच नाही, आपल्याकडेही बघितलंय मी असले पाइप, नाव घेत नाही. सेंटरवर गेलास की सहज फिरत फिरत कॉम्प्रेसर बघून ये, इनटेक कुठे आहे, एक्झॉस्ट कुठे आहे. परवडत असेल तर कार्बन मोनॉक्साइड मोजायचं छोटं यंत्र घे.

रोखठोक

सगळं खापर अमेरिकेवर फोडायची फॅशन आहे. निर्बंध असूनही 2001 पासून अमेरिकेतून गोठवलेली चिकन क्युबाला जातेच की, रोख पैसे देऊन. डायव्ह सेंटरं सगळी सरकारच्या हातात, खासगी माणसाला बोट घेऊन सेंटर टाकू देत नाहीत, हॉटेलं बांधायला पैसा आहे पण कॉम्प्रेसरच्या फिल्टरला नाही, हे कुठल्या निर्बंधात बसतं? आणि इन्स्ट्रक्टरला टिपवर जगवतात त्यात अमेरिकेचा काय दोष.

टोरांटोची_मंजू

अर्धं पटतं. सरकारी कारभार आतून सडलेला आहे हे तिथले गाइडच हळू आवाजात सांगतात. पण म्हणून निर्बंध खोटे होत नाहीत. युनोत 1992 पासून जवळजवळ दरवर्षी त्याविरुद्ध ठराव पास होतो, भारत पण त्याच बाजूने मत देतो. आणि इकडे कॅनडात तर उलटा कायदा आहे, कॅनडातल्या कंपनीने अमेरिकेचे क्युबा-निर्बंध पाळले तर तोच गुन्हा. 1997 मध्ये वॉलमार्ट कॅनडाने क्युबात शिवलेले पायजमे दुकानातून काढले आणि मग गदारोळ झाल्यावर परत ठेवले. विकले तर अमेरिकेच्या कायद्याने गुन्हा आणि काढले तर कॅनडाच्या कायद्याने गुन्हा, बिचारे पायजमे.

अजून एक, लोक म्हणतात ना की निर्बंधांमुळे क्युबाचे प्रवाळ वाचले. त्यात थोडं तथ्य आहे, 1991 ला सोव्हिएत संघ कोसळला, खतं-कीटकनाशकं येणं बंद झालं, समुद्रात वाहून जाणारं कमी झालं. पण दक्षिणेकडच्या हार्दिनेस दे ला रेइना या बेटांसारखी जागा आज शार्कनी भरलेली आहे ती 1996 पासून तिथे मासेमारीवर बंधनं घातली म्हणून, 2010 ला नॅशनल पार्क केलं. ते त्यांनी स्वतः केलंय. पक्या, तिथे तुला यावेळी जमणार नाही, हुकारो बंदरातून बोटीने काही तास आत, आठवडाभर बोटीवरच राहायचं आणि खिसा पण तसाच हवा. आणि आता 2023 च्या उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं की कॅरिबियनमध्ये सगळीकडे प्रवाळ पांढरे पडले, त्याला निर्बंध आडवे आले नाहीत. लायनफिश (विषारी काट्यांचा मासा) पण भरपूर, दिसला तर हात लावू नकोस.

पाण्यात_पक्या

ठरलं मग. नोव्हेंबरात चार डाइव्ह इकडेच, कार्ड घेतो, वाराडेरोला दोनच रात्री आणि बाकी प्लाया लार्गाला कुणाच्या तरी घरी राहतो, ताईला सांगितलं तर ती म्हणते ऑल-इन्क्लुसिव्हचे पैसे भरून झालेत, ते भांडण आता घरात. मावसभाऊ अजून मित्राचंच उदाहरण देतोय. परतीच्या फ्लाइटच्या आधी किती तास डाइव्ह बंद करायची?

मालवणी_बुडबुडा

रोज डाइव्ह करणार असशील तर शेवटची डाइव्ह आणि विमान यात निदान 18 तास ठेव, मी तर पूर्ण दिवस ठेवायला सांगतो. तिथल्या फ्लाइट वेळा बदलतात, लवकरच्या हिशोबाने धर.

नोव्हेंबरचं बोलायचं तर दिवाळीच्या सुट्टीत येऊ नको, पर्यटकांची झुंबड असते, शिकवायला बोट मिळत नाही. सुट्ट्या संपल्या की आठवड्याच्या मधल्या वारी ये. मेडिकल फॉर्म डॉक्टरची सही घेऊन आण, तोच पुढे क्युबातही दाखवता येईल. आणि कानाचं काही जुनं दुखणं असेल तर आत्ताच सांग, बोटीवर नको.

पाण्यात_पक्या

लहानपणी उजवा कान फुटला होता एकदा. पूलमध्ये काही झालं नाही.

मालवणी_बुडबुडा

मग आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, पडदा बघून घे. पूल तीन मीटरचा, समुद्रात तू 18 ला जाणार. डॉक्टरने हो म्हटलं की मेसेज कर, तारीख देतो.